सायकलस्वारांचे सीमोल्लंघन

दसऱ्याच्या सायंकाळी गावाची शीव ओलांडून आपट्याची पाने आणावयाची आणि ती सोने म्हणून वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावयाची, ही चाल महाराष्ट्रात घरोघर आहे. कोल्हापूरच्या दसरा चौकात तर छत्रपतींच्या घराण्याच्या उपस्थितीत हा सोहळा आजही थाटाने होतो. या सीमोल्लंघनाच्या मुळाशी निसर्गाचा एक साधा हिशेब होता. आषाढश्रावणात ओढेनाले दुथडी भरून वाहू लागले म्हणजे घोडे हलत नसे आणि तोफ तर जागची उठतच नसे. आश्विनात चिखल वाळला, नद्यांना उतार मिळू लागला, की मोहिमा निघावयाच्या. त्या मोहिमा गेल्या, ते घोडेही गेले. परंतु तो हिशेब काही बदलला नाही. पुढे ज्या एका निरुपद्रवी वाहनाला तो तंतोतंत लागू पडला, ते वाहन म्हणजे सायकल. आपल्या आजोबापणजोबांच्या तोंडी तिचे नाव पायगाडी असे होते.

मलकापुरासारख्या ठिकाणी ही गोष्ट जितकी पटते, तितकी सपाट मुलखात पटावयाची नाही. कोल्हापुराहून पंचगंगा ओलांडून रत्नागिरीकडे निघालेला रस्ता केर्ली, वाघबीळ, बांबवडे अशी गावे घेत सुमारे ४५ किलोमीटरांवर मलकापुरास येतो; तेथून आंब्यास जातो आणि घाट उतरून साखरप्याच्या बाजूस कोकणात शिरतो. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर विशाळगडाची तटबंदी पाडण्यात आली आणि पंत प्रतिनिधींच्या जहागिरीचे ठाणे गडावरून खाली मलकापुरास आले, तेव्हापासून या गावाला राबता आहे. पण तो राबता मुख्यत्वे आठ महिन्यांचा. जून लागला की सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस या खोऱ्यावर असा कोसळतो, की आडवाटेने पायी जाणाराही काठी टेकूनच चालेल. शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडास गेले ते याच मुलखातून आणि ऐन पावसाळ्यात, १६६० च्या जुलै महिन्यात. शत्रूने गृहीत धरले होते की अशा दिवसांत कोणी बाहेर पडणार नाही. महाराज बाहेर पडले यातच त्या रात्रीचे अलौकिकत्व आहे. सामान्य माणसाने मात्र दसऱ्याची वाट पाहावी हेच शहाणपणाचे. म्हणून या भागातील सायकलस्वाराचे वर्ष चैत्रात सुरू होत नाही. ते आश्विनात सुरू होते आणि शिमग्याच्या सुमारास, ऊन तापू लागले म्हणजे, आवरते घ्यावे लागते.

ज्या देशांतून सायकल आपल्याकडे आली, तेथे नेमकी उलट स्थिती आहे. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी येथे हिवाळा हा सायकल टांगून ठेवण्याचा काळ. दिवस अवघा आठनऊ तासांचा, रस्त्यावर बर्फ आणि हाडे गोठविणारा वारा. तेव्हा तेथील लोकांनी हिवाळ्यासाठी निराळे उद्योग शोधून काढले. एक म्हणजे छपराखालच्या शर्यती. लंडनमधील इस्लिंग्टन येथील शेतकी प्रदर्शनाच्या मोठ्या इमारतीत १८७८ मध्ये सहा दिवसांच्या शर्यती झाल्या. पुढे न्यूयॉर्कने ती कल्पना उचलली. माणसे झोपेवाचून चक्रावून खाली पडत आणि प्रेक्षक ते पाहावयास पैसे देऊन येत. अखेर तेथील सरकारने एका स्वाराने दिवसाकाठी बारा तासांहून अधिक फिरू नये असा कायदा केला आणि १८९९ पासून दोघादोघांच्या जोड्या धावू लागल्या. या प्रकाराला खेळ म्हणावे की छळ, याचा निवाडा श्रोत्यांनीच करावा. फ्रान्समधील प्रकार अधिक निकोप होता. सायकल घेऊन शेतातून, चिखलातून, रानातून जावयाचे आणि चढ आला की ती खांद्यावर घेऊन पळावयाचे. डॅनिएल गुसो नावाच्या एका सैनिकाच्या पुढाकाराने १९०२ मध्ये या प्रकारची पहिली राष्ट्रीय स्पर्धा तेथे भरली. ओक्ताव्ह लापीझ या स्वाराने १९१० ची फ्रान्स-प्रदक्षिणेची प्रसिद्ध शर्यत जिंकली, तेव्हा त्याने आपल्या यशाचे श्रेय हिवाळ्यातील या चिखल तुडविण्याला दिले होते.

परंतु या शर्यतींपेक्षा आपल्याला अधिक घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. १८७८ च्या ऑगस्टमध्ये हॅरोगेट या गावी इंग्लंडातील प्रवासी सायकलस्वारांचा एक संघ स्थापन झाला. त्या वेळी चालत होती ती पुढचे चाक पुरुषभर उंच असलेली सायकल. तिच्यावरून पडणारा डोक्यावरच पडावयाचा. उतारावर एखादे अवघड वळण अचानक आले म्हणजे स्वाराच्या हाती काही उरत नसे. संघाच्या सभासदांनी मग एक काम अंगावर घेतले. जेथे जेथे धोक्याचे उतार होते, तेथे तेथे माथ्यावर लोखंडी पाट्या उभ्या करावयाच्या. सरकारने सांगितले म्हणून नव्हे, कोणी पैसे दिले म्हणून नव्हे, वर्गणीतून. गावोगावी संघाचा एक प्रतिनिधी असे. रस्ता कसा आहे, मुक्कामाला खाणावळ कोणती बरी, हे तो परगावच्या स्वाराला सांगे. १८८६ मध्ये या मंडळींनी रस्ते सुधारण्यासाठी एक स्वतंत्र मंडळ काढले आणि खड्डे बुजविले जावेत म्हणून स्थानिक अधिकाऱ्यांचा पिच्छा पुरविला. १८९९ मध्ये या संघाची सभासदसंख्या साठ हजारांवर गेली होती. मोटार नावाचे वाहन रस्त्यावर रुळण्यापूर्वीच चांगल्या रस्त्याची मागणी जन्माला आली होती आणि ती सायकलस्वारांनी केली होती, हे आज मोटारवाल्यांना सांगितले तर खरे वाटावयाचे नाही.

त्या उंच चाकाचा धोका १८८५ मध्ये कॉव्हेन्ट्री येथील जॉन केम्प स्टार्ली याने दूर केला. दोन्ही चाके सारखी आणि मागच्या चाकाला साखळी, अशी त्याची सायकल होती. आज आपण चालवितो ती तिचीच पणती. तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्ट येथील गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेली रबरी धाव तयार केली. आणि त्याच १८८८ साली सायकलीचा धागा मराठी मुलखाशी, तोही बेळगावाशी, जुळला.

मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक असलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईस सायकल पाहिली आणि त्यांच्या यंत्रवेड्या मनाने ती हेरली. बेळगावास त्यांचे बंधू रामुअण्णा होते. दोघा भावांनी मिळून तेथे सायकलींचे दुकान घातले. सायकली विकावयाच्या, बिघडल्या तर दुरुस्त करावयाच्या, आणि घेणाऱ्यास पैसे घेऊन चालवावयासही शिकवावयाचे, असा तो तिहेरी व्यवसाय होता. त्यातील तिसरे अंग महत्त्वाचे. परदेशी माल आणून विकणारी दुकाने तेव्हाही पुष्कळ होती. वस्तूबरोबर विद्याही देणारे दुकान विरळा. लक्ष्मणरावांच्या हाती त्या दुकानातून यंत्राची नाडी आली. सायकलीवरून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे वळले, त्यावरून लोखंडी नांगराकडे. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, म्हणून पहिले नांगर बराच काळ पडून राहिले. पुढे बेळगावची जागा सोडणे प्राप्त झाले, तेव्हा औंधच्या पंत प्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. मलकापूरकरांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. औंधचे प्रतिनिधी आणि विशाळगडचे प्रतिनिधी ही परशुराम त्र्यंबकांच्याच वंशाची दोन घराणी. सातारच्या गादीकडे राहिलेली शाखा औंधची आणि कोल्हापूरच्या गादीकडे गेलेली शाखा विशाळगडची. सायकलीच्या दुकानातून उगवलेल्या कारखान्याला ज्या घराण्याने जमीन दिली, त्याच्याच भाऊबंदांचे ठाणे मलकापुरास होते.

सायकल खाली सामान्य माणसापर्यंत येण्यास मात्र पुढे बरीच वर्षे लागली. रॅले, हंबर, बी.एस.ए. असा सारा माल विलायतेहून येई आणि कारकुनाच्या पगारात तो बसत नसे. त्या अडचणीवर तोड निघाली ती भाड्याच्या सायकलीची. तासाला ठरलेले पैसे द्यावयाचे आणि सायकल न्यावयाची. दुकानदार ओळखीवाचून सायकल देत नसे. कोण कुठला, बाप काय करतो, हे विचारूनच वहीत नाव घाली. खोगिरावर पाय न पुरणारी पोरे दांड्याखालून पाय घालून कैचीने चालवीत आणि गुडघे फोडून घेत. दुकानात पाण्याचे घमेले, त्यात बुडविलेली ट्यूब, बुडबुडे कोठून येतात ते पाहणारी चारसहा डोकी. हाच त्या काळच्या छोट्या गावांतील सायकल क्लब होता. वर्गणी नाही, घटना नाही, अध्यक्ष नाही. सायकलीला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला आणि अंधार पडल्यावर दिवा, या दोन गोष्टी नसल्या म्हणजे पोलिसाची शिटी ऐकावी लागे. दिव्यावाचून फिरणाऱ्याला होणाऱ्या दंडाची त्या काळी सर्वांनी थट्टा केली. त्या दंडामागचे शहाणपण किती मोठे होते हे पुढे येईलच.

हिंदी तरुणांनी सायकलीवरून केलेल्या पहिल्या मोठ्या मोहिमेचे प्रस्थानही सीमोल्लंघनाच्या मुहूर्तावरच झाले. मुंबईच्या बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबातील सहा पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजी, म्हणजे दसऱ्याच्या तोंडावर, पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमान कापडिया ही त्यांची नावे. इराण, मेसोपोटेमियाचे वाळवंट, आल्प्स पर्वत, अमेरिका, जपान, चीन असा त्यांचा मार्ग होता. वाटेत तिघे निरनिराळ्या कारणांनी गळले. हकीम, बापासोला आणि भूमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परत आले, तेव्हा त्यांच्या चाकांखालून ४४,००० मैल गेले होते. त्यांनी लिहिलेले प्रवासवर्णन १९३१ मध्ये निघाले. त्याला जवाहरलाल नेहरूंनी प्रस्तावना लिहिली. या तरुणांच्या धाडसाचे कौतुक होते ते योग्यच आहे. पण साडेचार वर्षे अनोळखी मुलखात तीन माणसे जगली, याचा दुसरा अर्थ असा की त्या मुलखांतल्या अगणित उंबरठ्यांवर त्यांना पाणी मिळाले, भाकरी मिळाली, पुढची वाट कळली. मोटारीत बसलेल्या पाहुण्याला खेडे दुरून पाहते. सायकलवाला घामाघूम होऊन उतरतो, तेव्हा त्याला तांब्या पुढे करावाच लागतो.

हे तत्त्व पुरते ओळखले ते बाबा आमटे यांनी. १९८४ चे वर्ष देशाला मोठे घातवार गेले होते. पंजाब पेटलेला होता आणि दिल्लीत शिखांची कत्तल झाली होती. सत्तरी ओलांडलेल्या बाबांनी ‘भारत जोडो’ म्हणून हाक दिली. २४ डिसेंबर १९८५ या दिवशी, म्हणजे साने गुरुजींच्या जन्मदिनी, १०० तरुण आणि १६ तरुणी कन्याकुमारीहून सायकलींवर निघाले आणि ५,०४२ किलोमीटर तोडून काश्मिरात पोचले. पाठीच्या कण्याच्या विकाराने बाबांना सायकलीवर बसणे शक्य नव्हते. ते गाडीतून, बहुधा पडूनच, त्यांच्या संगतीने गेले. दुसरी यात्रा १ नोव्हेंबर १९८८ रोजी अरुणाचलातील इटानगराहून निघाली आणि ७,५४६ किलोमीटरांनंतर गुजरातेत ओख्यास पोचली. दोन्ही यात्रा हिवाळ्यातच निघाल्या. आगगाडी मिळत असता सायकल कशासाठी, असे त्या वेळी काही शहाण्यांनी विचारले. आगगाडीतून गेले असते तर कन्याकुमारी आणि काश्मीर या दोन टोकांची गाठ पडली असती, मधला देश तसाच राहिला असता. इतके साधे उत्तर त्यांना सुचू नये याचे नवल वाटते.

सायकल समाजाच्या किती खोलवर जाऊ शकते, याचे आणखी एक उदाहरण तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्याचे आहे. १९९१ मध्ये तेथे साक्षरतेची मोहीम चालू होती. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी तीत सायकल शिकविण्याचा समावेश केला, कारण वाचावयास शिकणारी बाई वर्गापर्यंत पोचली तर पाहिजे! खाणीत काम करणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बायका हां हां म्हणता स्वार झाल्या. शिकलेल्यांची संख्या लाखावर गेली. बायकांसाठी असलेल्या सायकली पुरेनाशा झाल्या तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या, आणि त्यांना त्याच अधिक पसंत पडल्या; कारण पुढच्या दांड्यावर मूल बसविता येते. किर्लोस्कर बंधूंनी साहेबलोकांना आणि नोकरदारांना जी विद्या पैसे घेऊन शिकविली, ती शंभर वर्षांनी मजूर बाईच्या पायी अशी आली.

इकडे आपल्या गावांतून मात्र त्याच सुमारास सायकल मागे पडू लागली होती. दूधवाल्याच्या किटल्या मोटारसायकलीला लटकल्या, मास्तर आणि तलाठी त्याच वाटेने गेले, भाड्याची दुकाने मिटली. अलीकडे ती परतली आहे, पण वेगळ्या वेषात. शहरांतील सुखवस्तू मंडळी व्यायामासाठी पहाटे घोळक्याने निघतात. अंगात रंगीत सदरे, डोक्यास शिरस्त्राण, आणि बूड टेकण्यापुरते खोगीर. त्यात वावगे काही नाही. हिवाळ्याच्या सकाळी आंब्याच्या वाटेवर धुके उतरलेले असता सायकल चालविण्यासारखे सुख थोडे असेल. वाटेत गुऱ्हाळ लागले तर काकवीची वाटी पुढे येते. ती नाकारण्याइतका अरसिक स्वार अद्याप जन्मलेला नाही. पण मलकापुरासारख्या गावी सायकलस्वारांचे मंडळ उभे राहिले, आणि त्याने वर्षातील हे उत्तम चार महिने फक्त किलोमीटर मोजण्यात घालविले, तर त्या मंडळाचा आणि गावाचा संबंध काकवीच्या वाटीपुरताच राहील. गाव देईल आणि मंडळ घेईल.

देण्याजोगे काय आहे, ते त्याच रस्त्यावर रोज रात्री चाललेले असते. दसऱ्यानंतर ऊसतोडणीचा हंगाम लागतो आणि तो साधारणपणे मार्चपर्यंत चालतो. बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यांतून तोडणीवाल्यांच्या टोळ्या बायकामुलांसह येतात. वारणा, कडवी, कासारी या खोऱ्यांतील ऊस टायरगाड्यांतून आणि दोनदोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांतून कारखान्यांकडे वाहू लागतो. हंगामात रात्र आणि दिवस यांत फरक नसतो. बैलांची टायरगाडी तासाला चारपाच किलोमीटर चालते. तिच्या मागे दिवा नसतो. वाढे आणि उसाचे शेंडे मागे लोंबत असतात, त्यामुळे दिवा लावला तरी झाकला जातो. मागून ताशी साठ किलोमीटर वेगाने मोटारसायकल येते. शाळकरी मुलगाही हा हिशेब करू शकेल: तो वेग म्हणजे सेकंदाला सोळासतरा मीटर. समोर काळे काही आहे हे कळावयास आणि हात ब्रेककडे जावयास दीड सेकंद गेला, तरी पंचवीस मीटर संपले. तोवर गाडी आलेली असते. दर हिवाळ्यात उसाच्या मुलखात असे अपघात होतात. माणूस जातो, बैल जातात, आणि ज्या टोळीवाल्याचा बैल जातो त्याची घेतलेली उचल मात्र अंगावर तशीच राहते.

यावर उपाय महाग नाही. प्रकाश पडला की तो आल्या वाटेने परत फेकणारी तांबडी पट्टी गाडीच्या मागच्या आडव्या लाकडाच्या दोन्ही टोकांना, लोंबत्या उसाच्या खाली, लावावयाची; पुढे जोखडाला आणि बैलांच्या शिंगांनाही लावता येते. हंगामाच्या आरंभी कारखाने, पोलीस आणि वाहतूक खाते यांच्या वतीने अशा पट्ट्या लावल्याही जातात. पाहुणे येतात, छायाचित्र निघते. पण खरी गोष्ट पुढे आहे. पट्टी एकदा लावून भागत नाही. तिच्यावर फुफाटा बसतो, उसाचा चिकट रस उडतो, बैल खांबाला घासतो. आठदहा आठवड्यांत ती आंधळी होते किंवा अर्धी फाटून जाते. म्हणजे जानेवारीत, ऐन गर्दीच्या दिवसांत, ती नसल्यासारखीच. हंगामाच्या मध्यावर पुन्हा गाडीगाडीपाशी जाऊन पाहणारे कोणी लागते. पोलिसाला ते होणार नाही, कारखान्याच्या माणसाला सुचणार नाही. ज्याची रोजची फेरीच त्या रस्त्याने पहाटे, अंधार असतानाच सुरू होते, ज्याला गाडीवानाच्या चालीने शेजारून जाता येते आणि थांबून चार शब्द बोलता येतात, असा रस्त्यावर एकच माणूस असतो.

त्याच्याच सायकलीच्या दिव्याचा झोत प्रथम त्या गाडीवर पडतो. पट्टी चमकली की नाही हे त्याला बसल्या जागी कळते. गाडीवान परका असतो आणि उपदेश करणाऱ्यांना कंटाळलेला असतो, म्हणून ‘काका, जरा थांबता का, मागची पट्टी पुसतो’ एवढेच म्हणावे. बहुधा तो उसाचे एक कांडे काढून हातात देतो. इंग्रज सायकलस्वारांना उतारांवर लोखंडी पाट्या ठोकण्यास वर्गणी गोळा करावी लागली होती. येथे पट्टीची गुंडाळी आणि एक ओले फडके पुरते, आणि खोगिराखालच्या पिशवीत, पंक्चरच्या सामानाशेजारी, दोन्ही सहज मावतात.